नाट्यगृहाच्या नूतनीकरणात नेमके काय जपावे?

नेरूळकर (प्रश्न)

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील बहुतेक सार्वजनिक नाट्यगृहे १९७० नंतरच्या काळातली आहेत. घुमट, कमानी, नक्षीकाम यांच्या वाटेला न जाता साध्या सिमेंट काँक्रीटमध्ये ती बांधली गेली. आता त्यांतली काही दुरुस्तीच्या वयाला आली आहेत आणि काहींची दुरुस्ती होऊनही गेली आहे. पुढच्या वेळी आमच्या भागात असा विषय निघेल तेव्हा काम सुरू होण्याआधीच लेखी सूचना हाती असाव्यात, म्हणून आम्ही काही नाट्यप्रेमी एक टिपण तयार करीत आहोत.

आमच्या पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. काहींना या इमारती ओबडधोबड वाटतात. त्यांच्या मते बाहेरून काच आणि अ‍ॅल्युमिनियमचे आवरण घालून त्यांना नवे रूप द्यावे. इतरांचे म्हणणे असे की आठवणी जोडलेल्या असल्यामुळे एका विटेलाही हात लावू नये. मला यांपैकी काहीच पटत नाही. इमारत जुनी झाली की दुरुस्ती करावीच लागते, आणि केवळ आठवणींच्या आधारावर अभियंत्याला कोणताही निर्णय घेता येत नाही.

म्हणून जाणकारांना विचारते: या आधुनिक धाटणीच्या नाट्यगृहांमध्ये वास्तुरचना म्हणून जपण्यासारखे नेमके काय असते? गावाच्या सार्वजनिक जीवनात त्यांचे जे स्थान आहे त्याचा इमारतीच्या रचनेशी खरोखर संबंध आहे का, की चांगली नाटके लागली की लोक कुठल्याही सभागृहात येतात?

आराखडा

नेरूळकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे उत्तर त्यातच आहे. संबंध आहे, आणि तो प्रेक्षागृहापेक्षा त्याच्या बाहेरच्या जागेत अधिक आहे.

आपल्या पिढीला जवळचे उदाहरण पणजीच्या कला अकादमीचे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिची रचना केली आणि १९८३ मध्ये ती पूर्ण झाली. नवी मुंबईकरांना कोरिया परके नाहीत. शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासह खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना मांडणाऱ्यांत ते होते, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे सुरुवातीच्या वर्षांत ते मुख्य वास्तुरचनाकार होते आणि बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत त्यांचीच. कला अकादमी कांपालला मांडवीच्या काठावर आहे. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर ती जवळजवळ नजरेत भरत नाही. उंच दर्शनी भिंत नाही, भव्य पायऱ्या नाहीत. जाळीदार मांडवाखालून आपण आत शिरतो आणि चालता चालता इमारतीच्या पोटातून थेट नदीकाठी पोहोचतो. कोणी तिकीट विचारत नाही. वाटेत कोणी तबल्याची शिकवणी संपवून बाहेर येत असतो, कोणी कठड्यावर बसून संहिता वाचत असतो, कोणी नुसताच वाऱ्याला आलेला असतो. मुख्य नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी चित्रातले प्रेक्षक बसवले आहेत, ते सर्वांना आठवते. पण माझ्या मते त्या इमारतीचा खरा प्राण तो आरपार जाणारा, सावलीचा, फुकट मार्ग आहे.

हा विचार एकट्या कोरियांचा नव्हता. लंडनचे नॅशनल थिएटर १९७६ मध्ये सुरू झाले. त्याचे रचनाकार डेनिस लॅस्डन यांनी आत तीन प्रेक्षागृहे दिली आणि टेम्सच्या दिशेने उतरणारे सज्जे आणि दालने मिळून चौथे प्रेक्षागृह होते, असे मानले. तिथले काँक्रीट जवळून पाहिल्यास त्यावर लाकडी फळ्यांच्या रेषा, गाठी, सांधे स्पष्ट उमटलेले दिसतात, कारण साच्याच्या फळ्या त्यासाठी निवडून लावल्या होत्या आणि वर गिलावा केलाच नाही. अहमदाबादच्या टागोर हॉलमध्ये बाळकृष्ण दोशी आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांनी काँक्रीटच्या भिंतींनाच घड्या घातल्या, आणि त्या घड्यांमुळेच मध्ये एकही खांब न घेता एवढे मोठे दालन उभे राहिले. तिथे भिंत, सांगाडा आणि शोभा या तीन वेगळ्या गोष्टी उरतच नाहीत. अशा इमारतीवर पत्र्याचे आवरण चढवले तर फक्त रंग बदलत नाही. ती कशी उभी आहे हे सांगणारी गोष्टच झाकली जाते.

आता आपल्याकडच्या नाट्यगृहांना सरसकट या पंक्तीत बसवावे असे मी म्हणणार नाही. त्यातली बरीचशी अभियांत्रिकी विभागाच्या साध्या कागदांवरून उभी राहिली आहेत. तरीही त्या काळाची शिस्त त्यांच्यात आहे: मापात असलेला रंगमंच, ऊन-पाऊस अडवणारे खोल छज्जे, हवा खेळती ठेवणाऱ्या काँक्रीटच्या जाळ्या आणि मध्यंतरात हजार माणसे एकदम बाहेर आली तरी धक्काबुक्की होणार नाही एवढे रुंद दालन. मला विचाराल तर तुमच्या टिपणाचा पहिला मुद्दा असा असावा: तिकीट न काढता वावरता येणारी प्रत्येक जागा, म्हणजे पायऱ्या, ओटा, व्हरांडा, प्रवेशदालन, नकाशावर रंगवून दाखवावी, आणि नूतनीकरणानंतर ती एक चौरस फूटही कमी होणार नाही असे लेखी घ्यावे. वाहनतळ, एटीएम, सुरक्षा कक्ष आणि फलक यांची पहिली नजर याच जागांवर पडते.

तलावपाळी

आराखडा यांच्या मुद्द्याला ठाण्याचा दाखला देतो. गडकरी रंगायतन १९७८ साली मासुंदा तलावाच्या काठी उभे राहिले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा खुले झाले. त्याच १९७८ साली जुहूला पृथ्वी थिएटरही सुरू झाले. पृथ्वीत जेमतेम दोनशे माणसे बसतात आणि रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी बसतात. रंगायतन हजाराच्या घरातले, पडदा-चौकटीचे, व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्याला सोयीचे. एकाच वर्षी, एकाच महानगरात दोन अगदी वेगळ्या गरजांना दोन वेगळी उत्तरे मिळाली आणि दोन्ही टिकली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रंगायतन ठाणेकरांच्या सवयीचे झाले त्याचे निम्मे श्रेय जागेला आहे. स्थानकातून पायी येता येते. समोर तलाव आहे, पलीकडे कौपिनेश्वराचे मंदिर आहे, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आणि दिवाळी पहाटेची गर्दी याच परिसरात असते. त्यामुळे नाटकाला न आलेला माणूसही त्या दारावरून जातो, कोणता प्रयोग लागला आहे हे फलकावर वाचतो आणि कधीतरी आत वळतो. रंगायतनाबाहेरच्या गडकरी कट्ट्यावर बसून किती एकांकिका ठरल्या, किती जणांना पहिली भूमिका मिळाली, याची नोंद कुठे नाही. पण ठाण्यातल्या कोणत्याही हौशी रंगकर्मीला विचारा, तो कट्ट्याचे नाव घेतल्याशिवाय राहणार नाही. इमारतीच्या मंजूर आराखड्यात 'कट्टा' नावाची खोली नसते. बसता येईल अशा उंचीची कडा, थोडी सावली आणि कोणी हटकत नाही एवढी मोकळीक मिळाली की तो तयार होतो. सुशोभीकरणात नेमक्या याच कडांवर लोखंडी टोके किंवा झाडांच्या कुंड्या येतात, म्हणून त्यांचा उल्लेख टिपणात नावानिशी करावा.

शहर घोडबंदरच्या दिशेने वाढल्यावर तिकडे काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झाले आणि त्यात मुख्य प्रेक्षागृहासोबत लघुनाट्यगृहही दिले गेले, हे योग्यच झाले. छोट्या संस्थांना हजार खुर्च्या परवडत नाहीत आणि भरतही नाहीत. नवी मुंबईने या बाबतीत विचार करायला हवा. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहावर ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या सगळ्यांची भिस्त आहे, आणि रात्रीच्या प्रयोगाला तिसऱ्या अंकात माणसे घड्याळ पाहू लागतात ती शेवटच्या गाडीच्या चिंतेने.

नादब्रह्म

मी ध्वनिसंयोजनाच्या क्षेत्रात काम करतो. वरील चर्चा दिसणाऱ्या इमारतीबद्दल आहे. ऐकू येणाऱ्या इमारतीचा विचार तुमच्या टिपणात स्वतंत्रपणे यायला हवा, कारण नूतनीकरणात सर्वांत जास्त नुकसान तिचेच होते आणि ते उद्घाटनाच्या छायाचित्रांत दिसत नाही.

बोलक्या नाटकासाठी आवाज दालनात साधारण एक सेकंद घुमावा, फार तर थोडा अधिक. संगीतासाठी यापेक्षा जास्त घुमार लागतो. हा कालावधी दोन गोष्टींवर ठरतो: दालनाचे घनफळ आणि आतल्या पृष्ठभागांची आवाज शोषण्याची क्षमता. एक हजार खुर्च्या आणि प्रत्येकी पाच घनमीटर जागा धरली तर दालन पाच हजार घनमीटरचे होते. सगळे पृष्ठभाग मिळून ८०० चौरस मीटर पूर्ण शोषणाइतके काम करीत असतील तर घुमार काढण्याच्या सेबाइनच्या सूत्राप्रमाणे तो सुमारे १ सेकंद येतो. जुन्या कापडी गाद्यांच्या जागी गुळगुळीत रेक्झिनच्या खुर्च्या आल्या, मार्गिकांतला गालिचा काढून चकचकीत फरशी घातली आणि त्यामुळे शोषण ६०० वर आले, तर तोच घुमार १.३ सेकंदांच्या पुढे जातो. संवादाचे शेवटचे शब्द पुसट होऊ लागतात, मग ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला जातो आणि त्याने गोंधळ आणखी वाढतो. कापडी गादीचा आणखी एक फायदा असा की खुर्ची रिकामी असतानाही ती जवळजवळ बसलेल्या माणसाइतका आवाज शोषते; त्यामुळे अर्ध्या भरलेल्या प्रयोगातही नटाला दालन परके वाटत नाही.

छताचेही तसेच. रंगमंचाजवळच्या छताचे तिरके पट्टे शोभेसाठी नसतात. तिथून परावर्तित झालेला आवाज मूळ आवाजामागून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पोहोचला तर कान दोन्ही एकच समजतो आणि मागच्या रांगेला शब्द अधिक ठसठशीत ऐकू येतो. उशिरा पोहोचला तर तो त्रास होतो. दिव्यांच्या नव्या मांडणीसाठी हे पट्टे काढून सपाट जिप्समचे छत टांगले की पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी विचारपूर्वक केलेले काम एका आठवड्यात नाहीसे होते. नरिमन पॉइंटच्या टाटा थिएटरमध्ये नटाचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटपर्यंत पोहोचावा हे सुरुवातीपासूनचे उद्दिष्ट होते. त्याचे वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांच्यासोबत ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस आरंभापासून कामात होते, म्हणून ते साधले. आपल्याकडे ध्वनितज्ज्ञ आला तरी बहुधा छत टांगून झाल्यावर येतो.

तुमच्या टिपणासाठी माझी सूचना एवढीच: काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, रिकाम्या दालनात, त्याच जागी उभे राहून घुमाराचे आणि वातानुकूलन यंत्रणेच्या आवाजाचे मोजमाप करावे आणि दोन्ही आकडे जाहीर करावेत. शेवटचे देयक दुसऱ्या मोजमापाशी जोडले की बाकीच्या गोष्टी आपोआप नीट होतात.

तिसरी घंटा

सर्वांचे म्हणणे आदराने वाचले, तरी मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. आमची संस्था वर्षातून दोन-तीन प्रायोगिक प्रयोग करते. आमच्या दृष्टीने नाट्यगृह लोकांचे राहते की नाही हे काँक्रीटच्या पोतावर ठरत नाही. ते भाडे, अनामत आणि तारखा यांवर ठरते. शनिवार-रविवारची सत्रे व्यावसायिक नाटकांना आणि मोठ्या कार्यक्रमांना जातात, ते समजण्यासारखे आहे. पण मधल्या वारांची सकाळची आणि दुपारची सत्रे रिकामी असतानाही शाळेच्या बालनाट्याला किंवा एकांकिकेच्या रंगीत तालमीला तोच दर लावला जात असेल, तर ओटा कितीही सुंदर असला तरी तिथे बसून ठरलेली एकांकिका आत कधीच येणार नाही. नूतनीकरणानंतर दर वाढतात हा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून बांधकामाच्या सूचनांसोबत दरपत्रकाची सूचनाही त्याच कागदावर असावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आराखडा

तिसरी घंटा, आपला मुद्दा मान्य आहे, फक्त तो वास्तुरचनेच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. संपूर्ण प्रेक्षागृहाचे वातानुकूलन सुरू केल्याशिवाय तालीम करता येत नसेल तर प्रशासनाला दर कमी करणे जडच जाणार. तालीम दालनाला स्वतंत्र दार, स्वतंत्र वीजमापक आणि नैसर्गिक उजेड असेल तर ते अल्प दरात देणे शक्य होते. दर परवडेल की नाही याचा निम्मा निर्णय आराखड्यातच झालेला असतो.

नेरूळकर

सर्वांचे मनापासून आभार. तिसरी घंटा यांची दरपत्रकाची सूचना टिपणात घेत आहे आणि ध्वनिमापनाचा मुद्दाही. एक शंका राहते. बाहेरच्या आवरणाला विरोध केला की लगेच उत्तर मिळते की काँक्रीट गळते, तुकडे पडतात, आवरण हा सुरक्षेचा भाग आहे. यावर तांत्रिक उत्तर काय द्यावे?

पोलाद

मी संरचना अभियंता आहे, म्हणून यावर सविस्तर लिहितो. तुकडे पडतात ही तक्रार खरी आहे आणि ती हलक्यात घेऊ नये. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठची शहरे आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरतो आणि सळईचे रक्षण करणारा त्याचा अल्कधर्म कमी होत जातो. खारट दमटपणाने ही हानी लवकर होते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आतून दाब येतो आणि बाहेरचा थर फुटून पडतो. त्या काळच्या बांधकामांत सळईवरचे काँक्रीटचे आवरण अनेकदा कमी जाडीचे असे, विशेषतः पातळ छज्जे आणि जाळ्यांमध्ये, त्यामुळे आधी तेच भाग खराब होतात.

पण पत्र्याचे किंवा काचेचे आवरण हा या रोगावरचा उपाय नाही. ते बसवण्यासाठी त्याच काँक्रीटमध्ये शेकडो ठिकाणी छिद्रे पाडून खिळे ठोकावे लागतात, मागे ओल साठते आणि पुढची भेग कोणाच्या नजरेस पडत नाही. योग्य क्रम असा आहे: आधी तपासणी, म्हणजे हातोडीने ठोकून पोकळ भाग शोधणे, अल्ट्रासॉनिक चाचणी, सळईच्या गंजाची विद्युत चाचणी आणि कार्बनीकरण किती खोल गेले आहे ते पाहणे. नंतर खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई स्वच्छ करून, गरज असेल तिथे नवी जोडून, पॉलिमरयुक्त मसाल्याने भरणे. शेवटी पृष्ठभागाचा पोत दिसत राहील असा पातळ संरक्षक लेप देणे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सार्वजनिक नाट्यगृहाचा तो अहवाल नागरिकांनी मागावा. त्यात आवरणाची शिफारस नसेल तर सुरक्षेचे कारण टिकत नाही.

आणखी एक. आतल्या कामात लाकूड, फोम, कापड यांचा वापर वाढतो तसा आगीचा धोका वाढतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तो घाव अजून ताजा आहे. ध्वनिशोषक साहित्य अग्निरोधक असल्याचे प्रमाणपत्र आणि दोन्ही बाजूंची बाहेर जाण्याची दारे प्रयोगाच्या वेळी उघडी असल्याची खात्री, या दोन्ही बाबतींत तडजोड नको.

रंगपट

उशिरा लिहीत आहे, कारण काल दौऱ्यावर होतो. मी नेपथ्य लावणाऱ्या मंडळींपैकी आहे. कोणत्याही नूतनीकरणाच्या बैठकीत आम्हाला बोलावले जात नाही, म्हणून आमच्या बाजूचे थोडे सांगतो.

नेपथ्याचा टेम्पो रंगमंचाच्या मागच्या दारापर्यंत यायला हवा आणि दाराची चौकट दहा-बारा फुटी फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी भिंत, आडवा न करता आत जाईल एवढी उंच हवी. पूर्वीच्या कित्येक नाट्यगृहांत ही गोष्ट नीट होती; नंतर त्याच वाटेवर जनरेटर किंवा वातानुकूलनाचे यंत्र आले आणि आम्ही फ्लॅट प्रेक्षागृहातून, खुर्च्यांच्या डोक्यावरून नेऊ लागलो. दुपारचा प्रयोग संपून रात्रीचा उभा करायला मिळतात दोन-अडीच तास. त्यातला अर्धा तास या वळशात जातो. रंगमंचाच्या बाजूच्या विंगेत पुरेशी जागा नसेल तर दुसऱ्या अंकाचे सामान ठेवायचे कुठे, हा प्रश्न रोजचा आहे. रंगमंचाची जमीन लाकडीच हवी, कारण फ्लॅटला टेकू देणारा ब्रेस ठोकायला खिळा बसतो आणि नाचणाऱ्यांच्या गुडघ्यांना ती सोसते; चकचकीत लॅमिनेट घातले की प्रकाश परावर्तित होतो आणि पाय घसरतो. बाया-पुरुषांच्या रंगपटांना वेगवेगळी स्वच्छतागृहे, पाण्याची सोय आणि बॅकस्टेजच्या मुलांना रात्री शेवटची गाडी चुकली तर पाठ टेकायला एक खोली, एवढे मागणे मी जास्त समजत नाही.

तुमच्या टिपणात जागा असेल तर एक ओळ अशी घालावी: आराखडा मंजूर होण्याआधी त्यावर एका नेपथ्य लावणाऱ्याची, एका प्रकाशयोजनाकाराची आणि नाट्यगृहाच्या एका जुन्या कर्मचाऱ्याची सही असावी.